टॅरो कार्डे आणि रोजचे चिंतन : वाचकांचे प्रश्न

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांत टॅरो आणि ओरॅकल कार्डांविषयीची, म्हणजे भविष्य पाहण्यासाठी किंवा चिंतनासाठी काढल्या जाणाऱ्या चित्रांच्या पत्त्यांविषयीची, पत्रे बरीच आहेत. मोबाइलवरच्या व्हिडिओंच्या वाटेने ही कार्डे आपल्या भागातल्या घराघरांत पोहोचली आणि आता त्यांचे कॅटही ऑनलाइन मागवले जाऊ लागले आहेत. त्यांतली काही पत्रे निवडून येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून वगळली आहेत. माझी भूमिका आरंभीच सांगणे योग्य होईल. उद्या काय घडणार हे पत्त्यांना कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र समोर आलेले चित्र शांतपणे पाहताना आज आपल्या मनात काय चालले आहे हे माणसाला उमगू शकते, आणि तेवढ्यापुरता त्यांचा उपयोग मला मान्य आहे.

प्रश्न : माझी मुलगी नीटच्या तयारीसाठी शिकवणीला जाते. तिने टॅरो कार्डे मागवली असून रोज सकाळी अभ्यासाला बसण्यापूर्वी ती एक कार्ड काढते आणि नंतर सगळी कार्डे देवघरात ठेवते. सासूबाईंना हा भानामतीचा प्रकार वाटतो. कार्डे घराबाहेर काढा, असे त्यांचे म्हणणे आहे. ही कार्डे आपल्या धर्माच्या विरुद्ध आहेत काय? – एक गृहिणी, लातूर

उत्तर : सासूबाईंची भीती हसण्यावारी नेऊ नका. भानामतीच्या नावाखाली मराठवाड्यातल्या खेड्यांत कितीतरी बायकांवर आळ आले, आणि ते दिवस त्यांच्या पिढीच्या आठवणीत आहेत. म्हणूनच या पत्त्यांचा खरा इतिहास त्यांना सांगणे हाच उत्तम उपाय आहे, कारण तो भीतीदायक मुळीच नाही. टॅरोचा जन्म पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान आणि फेरारा यांसारख्या दरबारी शहरांत झाला, आणि तो खेळ म्हणून झाला; आपल्याकडे घरोघरी पत्ते कुटतात तसेच ते सरदार लोक हुकमाची पाने टाकून डाव जिंकत असत. मिलानच्या व्हिस्कोन्ती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी हाताने रंगवलेली पाने आजही संग्रहालयांत आहेत. पुढे 1781 साली पॅरिसमध्ये आंत्वान कूर द जेबलँ या लेखकाने ही पाने म्हणजे प्राचीन इजिप्तचे गुप्त ज्ञान असल्याचे ठोकून दिले. इजिप्तची चित्रलिपी वाचण्याची किल्ली शांपोलियों या फ्रेंच विद्वानाला सापडली ती 1822 मध्ये, म्हणजे या विधानानंतर एकेचाळीस वर्षांनी. तेव्हा जेबलँच्या इजिप्तविषयीच्या ज्ञानाची कल्पना आपणच करावी. भविष्यकथनासाठी टॅरोचा वापर रूढ झाला तो याच सुमारास फ्रान्समध्ये. आपल्या मुलीजवळ जो कॅट असण्याची शक्यता सर्वाधिक आहे, तो 1909 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याची कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची आहेत. त्यात पोप आहे, देवदूत आहेत, सैतान आहे, ख्रिस्ती श्रद्धेतला अंतिम न्यायाचा दिवस आहे. मंत्र, उतारा, करणी यांतले काहीही नाही.

धर्माच्या दृष्टीने पाहिले तर आपल्या संतांना शकुन पाहण्याचे कौतुक कधीच नव्हते. तुकोबांनी तर शकुन सांगणाऱ्यांचा आपल्याला कंटाळा आहे असे स्वच्छ म्हटले आहे. पैठणच्या नाथांची युक्ती मला अधिक मनोवेधक वाटते. दारोदार फिरणारा जोशी, पहाटे येणारा पिंगळा ही लोकांच्या ओळखीची सोंगे त्यांनी भारुडात आणली आणि भविष्य ऐकायला जमलेल्या श्रोत्याला त्याच्याच वागण्याकडे वळवले. मुलीला कार्डे वापरायचीच असतील तर ती या रीतीने वापरावीत. देवघरात मात्र ती ठेवू नयेत. तेथे ठेवल्याने छापील पुठ्ठ्याला नसलेले वजन येते आणि सासूबाईंचे मन विनाकारण दुखावते. अभ्यासाच्या टेबलाचा खण पुरेसा आहे. आपण एवढेच पाहावे की नकोसे कार्ड आले म्हणून ती सराव परीक्षा टाळत नाही ना, किंवा मनासारखे कार्ड येईपर्यंत पुन्हा पुन्हा पाने काढत बसत नाही ना. तसे दिसले तर परीक्षा होईपर्यंत कार्डे बाजूला ठेवण्यास सांगावे.

प्रश्न : मी शाळेत शिक्षिका असून निवृत्तीला थोडी वर्षे उरली आहेत. ध्यानाला बसले की मन टिकत नाही. मैत्रिणीने ओरॅकल कार्डे सुचवली, भाची टॅरो म्हणते. दोन्हींत फरक काय, आणि रोजच्या चिंतनासाठी त्यांचा वापर नेमका कसा करावा? कार्ड उलटे आले तर अर्थ उलटा होतो काय? – एक वाचक, परभणी

उत्तर : टॅरोची रचना ठरलेली असते. एकूण 78 पाने. त्यांतली 22 मेजर अर्कानाची, म्हणजे मूर्ख भटक्या, संन्यासी, न्याय, मृत्यू, मनोरा, सूर्य अशा मोठ्या प्रतिमांची, आणि उरलेली 56 मायनर अर्कानाची. या 56 पानांचे पेले, तलवारी, काठ्या आणि नाणी असे चार गट असून प्रत्येकात एक्क्यापासून दहापर्यंत दहा आणि सेवक, स्वार, राणी, राजा अशी चार, मिळून चौदा पाने असतात. ओरॅकल कार्डांना असा कोणताही नियम नाही. किती पाने, कोणती चित्रे, काय मजकूर, हे सारे तो कॅट काढणारा ठरवतो, आणि बहुतेक कार्डांवर एखादे तयार वाक्य छापलेले असते.

त्या तयार वाक्याचेच मला वावडे आहे. आपण पाहण्याआधीच ते आपल्यासाठी विचार करून मोकळे होते, आणि ते जवळजवळ नेहमी गोड असते. ‘विश्व तुझ्या पाठीशी आहे’ असे सांगणारी कार्डे पुष्कळ मिळतील. ‘काल तू कामवाल्या बाईंचे पैसे उगाच कापलेस’ याची आठवण करून देणारे एकही मिळणार नाही. म्हणून आपण टॅरो घ्यावा, आणि त्यातही पामेला स्मिथ यांच्या चित्रांचा किंवा त्यांवर बेतलेला घ्यावा. जुन्या फ्रेंच धर्तीच्या कॅटमध्ये मायनर अर्कानाच्या एक्का ते दहा या पानांवर पाच पेले, सात नाणी अशा नुसत्या वस्तू मांडलेल्या असतात. स्मिथ यांनी त्यांतल्या बहुतेक पानांवर एकेक प्रसंग रंगवला, माणसे आणली. चिंतनाला माणसे लागतात.

आता रीत. वेळ एकच ठरवावी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, पाने पिसून एकच पान काढावे. सोबतची पुस्तिका उघडू नये. प्रथम वहीत लिहावे की चित्रात काय दिसते, अगदी पाहिलेल्या जागेचा पंचनामा करावा तसे. मग आपली नजर सर्वांत आधी कोठे गेली ते लिहावे. आणि शेवटी त्यावरून काल-परवाचे काय आठवले ते लिहावे. हे तिसरे टिपण हाच या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे.

उदाहरण म्हणून सात नाण्यांचे पान घ्या. एक शेतकरी अवजाराच्या दांड्यावर हात आणि हनुवटी टेकवून उभा आहे आणि वेलीवर लगडलेल्या नाण्यांकडे पाहत आहे. पुस्तिका म्हणेल, धीर धरा, केलेल्या कामाचा आढावा घ्या. परंतु परभणीच्या शिवारात वाढलेल्या माणसाला तो गडी पाहून आणखी पुष्कळ सुचेल. कोणाला त्याचा शीण दिसेल, कोणाला भावाची वाट पाहणे दिसेल, कोणी म्हणेल की पीक आले तरी याच्या चेहऱ्यावर आनंद का नाही. आपल्याला जे दिसले ते आपले. निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या शिक्षिकेला हे पान बरेच काही विचारू शकते, आणि ते तिने कोणाच्या पुस्तिकेतून उसने घेण्याचे कारण नाही.

सहा नाण्यांच्या पानावर एक धनिक हातात तराजू धरून दोन गुडघे टेकलेल्या माणसांना नाणी देतो आहे. हे पान आले की एवढेच विचारावे, आज या तिघांपैकी मी कोण होते? वर्गात, स्वयंपाकघरात, बँकेच्या रांगेत उत्तर वेगवेगळे येते, आणि आपण देणारे आहोत असे ज्या दिवशी चटकन वाटते त्या दिवशी हातातल्या तराजूकडे जरा जास्त पाहावे. पाच पेल्यांच्या पानावर काळा झगा घातलेला माणूस सांडलेल्या तीन पेल्यांकडे पाहत उभा असतो आणि दोन पेले त्याच्या पाठीमागे उभेच असतात. ‘मागे वळून पाहा’ हा उपदेश येथे कोणीही करील. परंतु ज्याचे नुकतेच काही सांडले आहे त्याला आजचा दिवस सांडलेल्याकडेच पाहायचे असेल, तर तसे लिहून ठेवणे अधिक प्रामाणिक आहे.

प्रश्न कसा विचारावा, यावर बरेच अवलंबून आहे. ‘बदली होईल का’, ‘मुलाचे लग्न कधी ठरेल’ अशा प्रश्नांसाठी पान काढूच नये, कारण त्यांची उत्तरे आपल्या मनात नसून दुसऱ्यांच्या हातात आहेत. ‘सुनेशी बोलताना माझा आवाज कशामुळे चढतो’, ‘कोणते काम मी रोज उद्यावर ढकलते आहे’, अशा प्रश्नांची उत्तरे मात्र आपल्यापाशीच असतात आणि एखादे चित्र त्यांना वाट करून देते. उलट्या पानाचा अर्थ उलटा लावण्याची पद्धत पुष्कळजण पाळतात. आपल्या उद्देशासाठी तिची गरज नाही, पान सरळ करून ठेवावे. महिन्याच्या शेवटी वही वाचून काढावी. पाने बदलत राहिली तरी तिसऱ्या टिपणात तेच माणूस किंवा तीच खोळंबलेली गोष्ट वारंवार आलेली दिसली, तर पुढचा महिना पानांपेक्षा तिच्याकडे लक्ष द्यावे. आणि नामस्मरणाने किंवा हरिपाठाने मन स्थिर होत असेल, तर या वाटेला जाण्याचे काहीच कारण नाही.

प्रश्न : मी रोज एक कार्ड काढतो. एकाच आठवड्यात ‘चंद्र’ हे कार्ड दोनदा आले आणि पुस्तिकेतले वर्णन माझ्या स्वभावाशी तंतोतंत जुळते. 78 पानांत हा योगायोग कसा म्हणता येईल? – एक महाविद्यालयीन विद्यार्थी, बीड

उत्तर : गणित करून पाहू. रोज एक पान काढून ते पुन्हा कॅटमध्ये मिसळले, तर सात दिवसांत कोणते ना कोणते पान दुसऱ्यांदा येण्याची शक्यता सुमारे 24 टक्के आहे, म्हणजे साधारण दर चार आठवड्यांतल्या एका आठवड्यात असे घडणारच. अकरा दिवस धरले तर ही शक्यता निम्म्याच्या वर जाते. ‘चंद्र’च दोनदा येईल असे आपण आधी ठरवले असते तर ती गोष्ट दुर्मीळ ठरली असती, परंतु आपण पान आल्यानंतर त्याच्याकडे बोट दाखवत आहात. शिवाय पिसणेही अपुरे पडते. 52 पत्त्यांचा कॅट दोन भाग करून एकमेकांत सोडत पिसला तर नीट मिसळायला सुमारे सात फेऱ्या लागतात, असे 1992 मध्ये डेव्ह बेयर आणि पर्सी डायाकोनिस या गणितज्ञांनी दाखवले. टॅरोची पाने मोठी असल्यामुळे बहुतेकजण ती हातातल्या हातात वरखाली करतात, आणि त्या पद्धतीला याहून कितीतरी अधिक वेळ लागतो.

वर्णन जुळण्याविषयी एक जुना प्रयोग सांगण्याजोगा आहे. 1948 मध्ये बर्ट्राम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे म्हणून स्वभाववर्णन दिले. ते किती जुळते याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. वर्णन मात्र सर्वांना एकच दिलेले होते. ‘वरून शांत, आतून अस्वस्थ’ हे वाक्य बीडच्या बसस्थानकावर उभ्या असलेल्या कोणालाही लागू पडेल. तेव्हा ‘चंद्र’ दोनदा आला याचे आश्चर्य करण्याऐवजी दोन्ही दिवशी आपण त्या चित्रात काय पाहिले ते पडताळावे: पहिल्या दिवशी भुंकणारा कुत्रा दिसला आणि दुसऱ्या दिवशी दूर जाणारी वाट दिसली, तर बदल आपल्यात झाला आहे.

प्रश्न : सोयाबीन घरात आहे. आत्ता विकावे की भाव वाढेपर्यंत ठेवावे, हे कार्ड काढून ठरवले तर चालेल का? – एक शेतकरी, धाराशिव जिल्हा

उत्तर : चालणार नाही. जवळच्या बाजार समितीत शेतमाल तारण कर्ज योजनेची चौकशी करा. गोदामात ठेवलेल्या सोयाबीनच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते, त्यामुळे पैशांची नड असली तरी पडत्या भावात माल काढावा लागत नाही. कार्ड काढायचेच असेल तर हा व्यवहार उरकल्यावर काढा.

प्रश्न : समाजमाध्यमावर टॅरो पाहणाऱ्या एका व्यक्तीने माझ्यासाठी पान काढले. ‘मृत्यू’चे कार्ड आले. घरातल्या एकावर संकट असून निवारणासाठी अमुक रक्कम ऑनलाइन पाठवावी लागेल, असे त्या व्यक्तीने सांगितले. मी थोडे पैसे पाठवले. आता आणखी मागणी होत आहे. रात्री झोप लागत नाही. – एक वाचक, नांदेड

उत्तर : यापुढे एक रुपयाही पाठवू नका, आणि झालेले संभाषण व पैसे पाठवल्याची नोंद पुसू नका. 1930 या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय क्रमांकावर आजच तक्रार नोंदवा. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. आपल्या अंगी अतींद्रिय शक्ती असल्याचे भासवून लोकांच्या मनात भीती घालणे हा त्याखाली गुन्हा ठरतो, आणि त्यासाठी पोलीस निरीक्षक दर्जाच्या दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. पोलीस ठाण्यात जाताना घरच्या कोणाला सोबत घ्या. आपण फसलो याची लाज वाटू देऊ नये. भीती घालून पैसे काढणाऱ्याने ती बाळगावी.

त्या पानाविषयी सांगायचे तर तेरा क्रमांकाचे ते चित्र आपण स्वतः नीट पाहा. काळे चिलखत घातलेला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसला आहे, हातातल्या काळ्या निशाणावर पांढरे फूल आहे, राजा खाली पडला आहे, धर्मगुरू उभा आहे, आणि पलीकडे दोन मनोऱ्यांच्या मध्ये सूर्य आहे. टॅरोची पुस्तके लिहिणारेसुद्धा या पानाचा अर्थ एखादा टप्पा संपून दुसरा सुरू होणे असाच सांगतात. घरातल्या अमक्याचा मृत्यू असा अर्थ लावणाऱ्याला ना चित्र पाहता येते, ना त्याची नियत चांगली असते. 78 पानांत एक पान ‘मृत्यू’चे आहेच, आणि आपल्या भागात आज पाने काढणाऱ्या अनेकांच्या हाती ते आले असेल. झोप न लागणे अधिक दिवस टिकले तर 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, विनामूल्य क्रमांकावर मराठीत बोलता येते, आणि जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते. आपण स्वतः कार्डे वापरत असाल तर तूर्त ती बंद ठेवावीत. घाबरलेल्या मनाला प्रत्येक चित्रात धमकीच दिसते.

प्रश्न : स्वतःचा कॅट स्वतः विकत घेऊ नये, तो भेट मिळावा लागतो, असे ऐकले. पौर्णिमेच्या चांदण्यात किंवा मिठात ठेवून कार्डे शुद्ध करावी लागतात काय? – एक वाचक, जालना

उत्तर : दोन्ही समजुती निराधार आहेत. मिठाने पुठ्ठा ओलावा धरतो, त्यामुळे कार्डे खराब मात्र होतील.

प्रश्न : आम्ही दोघे पती-पत्नी शिक्षक आहोत. विदेशी चित्रांतले किल्ले, राजे आणि देवदूत आम्हाला परके वाटतात. आपल्या भागातली चित्रे काढून घरच्या घरी ओरॅकल कार्डे तयार करता येतील काय? – हिंगोली जिल्हा

उत्तर : अवश्य करावीत, मला आलेल्या पत्रांत हे सर्वांत आवडले. पत्त्यांवर चित्रे रंगवण्याची परंपरा आपल्या महाराष्ट्रातही आहे. सावंतवाडीच्या गंजिफाची गोल पाने प्रसिद्धच आहेत. त्यातल्या दशावतारी प्रकारात दहा अवतारांचे दहा गट आणि एकूण 120 पाने असतात. आपल्याला एवढी लागणार नाहीत. तीस-चाळीस पाने पुष्कळ झाली.

चित्रे निवडताना ज्यांना एकच अर्थ चिकटला आहे ती टाळावीत. कमळ काढले की पावित्र्य आणि दिवा काढला की ज्ञान, येथे पाहणाऱ्याला काही कामच उरत नाही. उलट पाण्याच्या टँकरभोवती जमलेली गर्दी घ्या. त्यात नळी धरणारा आहे, रांग मोडणारा आहे, रिकामी घागर घेऊन मागे राहिलेली म्हातारी आहे, आणि रोज पाहणाऱ्याला आपली जागा निराळी सापडेल. पायऱ्या उतरत जाणारी बारव, येळवशीला शेतात उभारलेली कडब्याची कोप, पोळ्याच्या संध्याकाळी झूल उतरवलेला बैल, पहाटे ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरवरचे बिऱ्हाड आणि मागे कुलूप लावलेले घर, एसटीची वाट पाहणारी दप्तरे, माळवदावर वाळत घातलेल्या सांडग्यांवर राखण करणारे पोर, अशी चित्रे आपल्या अवतीभवती भरपूर आहेत. अप्रिय चित्रेही हवीत. कोरडी विहीर, बांधावरून चाललेले भांडण, सावकाराची वही ही पाने वगळली तर कॅट गोड बोलणारा होईल आणि महिन्याभरात त्याचा कंटाळा येईल.

पानावर वाक्य लिहू नये. फार तर चित्राचे नाव लिहावे. दोघांनी मिळून पाने केली असतील तर निम्मी एकाने आणि निम्मी दुसऱ्याने काढावीत, म्हणजे स्वतः न निवडलेले चित्रही समोर येत राहील. शाळेतल्या मुलांना चित्र काढायला सांगून त्यांतली काही घेता आली तर आणखी चांगले, कारण मुले आपल्या लक्षात न येणाऱ्या गोष्टी काढतात. जाड कार्डशीट वापरावी, कोपरे गोल कापावेत, आणि सगळ्या पानांची मागची बाजू अगदी सारखी ठेवावी. एखादा डाग किंवा दुमड राहिली तर पिसतानाच पान ओळखू येते आणि हात नकळत त्याला चुकवतो.